आठवीनंतर शाळा की घर? ठाण्यातील पालकांसाठी तुलनात्मक आढावा

आठवीचे वर्ष संपत आले की ठाण्यातील पालक एकमेकांना एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे कोणता क्लास लावला. आमच्या घरी त्या वर्षी वेगळाच प्रश्न उभा राहिला, कारण थोरल्या मुलाने आठवीनंतर शाळा सोडून घरी शिकायचे ठरवले. दोन वर्षांनी धाकट्या मुलीची पाळी आली तेव्हा तिने मात्र आपण शाळेतच राहणार, असे स्पष्ट सांगितले. मुलगा आता प्राणिशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मुलगी बारावीत आहे. या दोन्ही वाटा एकाच घरातून पाहिल्यावर जे लक्षात आले, ते निर्णयाच्या उंबरठ्यावर असलेल्या पालकांसाठी येथे मांडत आहे.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात संपतो. शिक्षण हक्क कायदा 2009 चा असून तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याची व्याप्ती सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांपुरती आहे. घरी शिकण्याचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही, पण आठवी पूर्ण केलेले मूल त्या वयोमर्यादेच्या टोकाशी पोहोचलेले असते. त्यामुळे नववीपासून घरी शिकवायचे तर कोणाची परवानगी काढावी लागेल, या काळजीत वेळ घालवण्याचे कारण नाही. काळजी करायची ती प्रमाणपत्राची. दहावी-बारावीचे प्रमाणपत्र नसतानाही मुंबईच्या एका मुलीला 2016 मध्ये अमेरिकेतील एमआयटीत प्रवेश मिळाला, हे उदाहरण घरी शिकवणाऱ्यांच्या प्रत्येक बैठकीत निघते. मात्र तिच्याकडे आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडची पदके होती, हा भाग सांगताना बहुधा गळतो. बाकीच्यांना बारावीची गुणपत्रिका लागतेच.

ती मिळवण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. शाळेत राहिलेल्या मुलाचा मार्ग सरळ आहे: राज्य मंडळाची दहावी, तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे, बहुतेक विषयांना ऐंशी गुणांची लेखी परीक्षा आणि वीस गुण शाळेकडून. शाळा सोडलेल्याला हीच परीक्षा बाहेरून देता येते, ज्याला आपण सतरा नंबरचा फॉर्म म्हणतो. अभ्यासक्रम तोच असल्याने पुस्तके, जुन्या प्रश्नपत्रिका आणि क्लास सगळे नौपाड्यातच मिळते, ही त्याची जमेची बाजू. परंतु त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो, विषय निवडायला फारसा वाव नसतो आणि दहावी व बारावी यांच्यात दोन वर्षांचे अंतर ठेवावेच लागते. ज्याला केवळ शाळेचे वेळापत्रक जड जाते, अभ्यासक्रमाविषयी ज्याची काही तक्रार नाही, अशा मुलासाठी मी हाच मार्ग सुचवेन.

तिसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा, आणि आमच्या मुलाने तो घेतला म्हणून त्यावर जरा विस्ताराने लिहितो. ही संस्था 1989 मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू झाली आणि केंद्रीय शिक्षण मंत्रालयाखालची स्वायत्त संस्था आहे, त्यामुळे तिचे प्रमाणपत्र मान्य आहे का, ही नातेवाइकांची शंका निराधार आहे. दहावीसाठी वयाची चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात, किमान पाच विषय घ्यावे लागतात आणि त्यांतील एक तरी भाषा असावी लागते. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एकदा एप्रिल-मे आणि एकदा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी पाच वर्षे चालते आणि पाचही विषय एकदम देण्याची सक्ती नसते. आमच्या मुलाने दोन विषय ऑक्टोबरला दिले आणि तीन एप्रिलला, त्यामुळे इतरांच्या घरी मार्च महिन्यात असते तसे वातावरण आमच्याकडे आलेच नाही. उत्तीर्ण होण्यासाठी तेहतीस टक्के लागतात आणि घरी लिहून द्यायच्या स्वाध्यायांनाही अंतिम गुणांत वाटा असतो. बारावीला मानसशास्त्र, चित्रकला, पर्यावरणशास्त्र यांसारखे विषय भौतिक-रसायनाच्या जोडीला घेता येतात.

हे स्वातंत्र्य मात्र जपून वापरावे लागते. दहावीला गणित टाळता येते हे कळल्यावर आमच्या मुलाचा चेहरा उजळला होता आणि मीही जवळजवळ हो म्हणालो होतो. चौदाव्या वर्षी नावडता असलेला विषय कायमचा टाळला, तर पुढे अकरावी विज्ञान किंवा तंत्रनिकेतनाची पदविका यांचा विचार मनात आला तरी वाट अडते, म्हणून अखेर त्याने ते घेतले आणि बेताचे गुण मिळवले. लवकर संपवण्याच्या हिशेबातही फारसा अर्थ नाही, कारण येथेही दहावीनंतर बारावीचे पाचही विषय पूर्ण करायला दोन वर्षांचे अंतर लागते, आणि ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत सतरा वर्षे पूर्ण असावी लागतात. केंब्रिज या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या परीक्षाही बाहेरून देता येतात, पण विषयागणिक शुल्क भारी आहे. परदेशी पदवीचे नक्की ठरलेले नसेल, तर मी त्या वाटेला जाणार नाही.

बारावीनंतर या दोन वाटांमध्ये किती अंतर पडते, हा खरा प्रश्न आहे. प्रवेश परीक्षांच्या बाबतीत ते अंतर आता फार उरलेले नाही. अभियांत्रिकीच्या जेईई मेन या देशपातळीवरील परीक्षेसाठी पाच विषयांसह उत्तीर्ण झालेली एनआयओएसची बारावी चालते. वैद्यकीय प्रवेशासाठी मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांवर घातलेली बंदी दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये रद्द केली आणि मान्यताप्राप्त मुक्त विद्यालयांचा प्रश्न 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात मार्गी लागला. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशासाठी सीईटीच्या गुणांवर क्रम लागतो आणि बारावीला भौतिकशास्त्र, गणित वगैरे विषयांत मिळून खुल्या गटाला पंचेचाळीस टक्के लागतात. मात्र महाराष्ट्राचा उमेदवार ठरण्यासाठी दहावी आणि बारावी याच राज्यातून झालेली असणे महत्त्वाचे असते, म्हणून एनआयओएसचे अभ्यासकेंद्र निवडताना ते महाराष्ट्रातलेच आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

अंतर पडते ते महाविद्यालयाच्या प्रवेश खिडकीवर. मुलाच्या पदवी प्रवेशाच्या वेळी एका महाविद्यालयातील कारकुनाने गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि शाळेचा दाखला कुठे आहे, असे विचारले. एनआयओएस स्थलांतर प्रमाणपत्र आणि दाखला एकत्रच देते, हे समजावून सांगायला तीन फेऱ्या झाल्या. शाळेतून गेलेल्या मुलीला अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात असले काही सोसावे लागले नाही. पहिल्या फेरीत नाव लागले आणि विषय संपला.

याच कागदपत्रांच्या संदर्भात एक सूचना आवर्जून करतो. महाराष्ट्रात जातीचा दाखला, अधिवास आणि जन्मस्थान यांचे पुरावे शाळेच्या नोंदींशी बांधलेले असतात आणि जात पडताळणीचा अर्जही बारावीच्या सुमारास बहुधा महाविद्यालयामार्फतच जातो. ज्यांना आरक्षणाचा लाभ घ्यायचा आहे त्यांनी शाळा सोडण्यापूर्वीच दाखल्यावरील जात, जन्मतारीख आणि नावाचे स्पेलिंग तपासून घ्यावे. नंतर दुरुस्ती करायला कोणाकडे जायचे हेच समजत नाही. खेळाडू मुलांच्या पालकांनीही थांबून विचार करावा. आमच्या इमारतीतील एक जलतरणपटू सरावाला वेळ मिळावा म्हणून शाळा सोडणार होता, पण जिल्हा आणि राज्य पातळीवरील शालेय स्पर्धा शाळेच्या नावानेच खेळाव्या लागतात, हे कळल्यावर त्याने सकाळचा सराव आणि शाळा दोन्ही ठेवले. लोकलच्या पासावरील विद्यार्थी सवलतही संस्थेच्या पत्रावर मिळते. ठाणे-नेरुळ पूर्ण दराने ये-जा करणारा मुलगा ही गोष्ट बापाला विसरू देत नाही.

नेरुळला तो पक्षी पाहायला जाई. ठाणे खाडीच्या काठावर, ऐरोलीपासून नेरुळच्या पाणथळीपर्यंत, रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या हंगामात तो आठवड्यातून तीन सकाळी ओहोटीच्या वेळा पाहून निघे. त्या खाडीला 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळाला तेव्हा त्याच्या वह्यांत दोन हंगामांच्या नोंदी होत्या. भरती-ओहोटी शाळेच्या घंटेप्रमाणे चालत नसल्यामुळे हे शाळेत राहून जमले नसते, हे मी मान्य करतो. परंतु ज्या मुलाला अशी एखादी ओढ नाही त्याला घरी ठेवून ती आपोआप निर्माण होईल, ही अपेक्षा मला धोक्याची वाटते. पहिले चार महिने आमचा मुलगासुद्धा दहाला उठत होता आणि दुपारी मोबाइलवर होता. त्याला ओढ होती म्हणून तो त्यातून बाहेर पडला, माझ्या शिस्तीमुळे नव्हे. अर्ज भरणे, शुल्काची पावती जपणे, परीक्षेचे केंद्र आदल्या दिवशी पाहून येणे ही कामे पंधराव्या वर्षापासून त्याचीच होती. पदवीला गेल्यावर त्याला प्रकल्पासाठी मार्गदर्शकाला पत्र लिहायला किंवा अनोळखी कार्यालयात जायला संकोच वाटला नाही. त्याच्या वर्गातील गुणवंत मुलांना तो वाटत होता.

मुलीची गोष्ट वेगळी आहे. तिला दहावीला ऐंशीतील प्रत्येक गुण कोठून येतो हे माहीत होते, तिच्या मैत्रिणींचा गट बालवाडीपासूनचा आहे आणि वेळेचे बंधन बाहेरून असले की ती अधिक चांगले काम करते. अशा मुलीला घरी बसवणे म्हणजे तिचे बळ काढून घेणे झाले असते. तिचा मराठीचा पाया पक्का आहे, कारण राज्यातील शाळांत मराठी सक्तीची आहे. मुलाच्या बाबतीत ती जबाबदारी आमच्यावर आली आणि 1893 पासून चालत आलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे सभासदत्व घेऊन आम्ही ती कशीबशी निभावली. मित्रांच्या बाबतीत मात्र आमच्याकडून कमतरता राहिली. पक्षीमित्र सगळे चाळिशीचे होते आणि समवयस्कांत बसण्याची त्याची सवय मोडली, ती पदवीच्या पहिल्या वर्षी त्याला पुन्हा लावून घ्यावी लागली.

शहरात तिसराही एक प्रकार आहे, ज्याला कोणी घरी शिकणे म्हणत नाही. अकरावीला नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात, प्रत्यक्ष दिवस मात्र क्लासमध्ये, अशी इंटिग्रेटेड व्यवस्था घोडबंदर रोडपासून वाशीपर्यंत सर्रास चालते. या पालकांनी प्रत्यक्षात शाळा केव्हाच सोडली आहे, फक्त दोन्हीकडे शुल्क भरतात. त्यांनी एनआयओएसची बारावी आणि क्लास यांचा हिशेब एकदा कागदावर मांडावा. प्रात्यक्षिकांसाठी जवळ केंद्र मिळते का, एवढाच प्रश्न मग उरतो.

माझे स्वतःचे मत विचाराल तर नववी-दहावी घरी आणि अकरावीला कनिष्ठ महाविद्यालयात परत, ही मिश्र वाट बहुतेकांना सोयीची पडेल, कारण समवयस्क आणि प्रयोगशाळा या दोन्ही गोष्टी त्या वयात घरी उभ्या करता येत नाहीत. मुलाने बारावीही घरूनच केली, तो त्याचा आग्रह होता. ज्यांना ही वाट धरायची आहे त्यांनी शाळेचा दाखला हातात घेण्यापूर्वी निदान एक मे महिना मुलाला स्वतःचे वेळापत्रक स्वतः करू द्यावे आणि त्याला उठवायला जाऊ नये. पहिल्या आठवड्यात काय होते ते सोडून द्यावे, चौथ्या आठवड्यातील सोमवारी सकाळी अकरा वाजता तो काय करत आहे ते पाहावे.