पुलाच्या पायासाठी स्कॉवर: लेसी, एचईसी-१८ की मॉडेल?

अंधेरीच्या ऑफिसात बसून बिहारमधल्या नदीवरच्या पुलाचा पाया ठरवायचा, तर पहिला प्रश्न एकच: पुरात तळ किती खोल खरवडला जाईल, म्हणजे स्कॉवर किती? नवीन इंजिनिअर मुलं विचारतात, लेसीचं सूत्र धरू, अमेरिकेचं एचईसी-१८ मार्गदर्शन धरू, की सरळ नदीचं मॉडेल चालवू? नदी बघितल्याशिवाय मी उत्तर देत नाही.

लेसीचं सूत्र १९३० च्या सुमाराचं, उत्तरेकडच्या गाळाच्या कालव्यांवरून काढलेलं. आयआरसी (इंडियन रोड्स काँग्रेस) आजही तेच लावते, कारण लागते फक्त दोन गोष्टींची माहिती: मीटर रुंदीमागे पाणी किती आणि वाळूचा कण केवढा. समजा मीटरमागे २० क्युमेक (सेकंदाला २० घनमीटर) आणि कण ०.३ मिमी. सरासरी खोली येते १० मीटर. पिअरपाशी, म्हणजे पुलाच्या खांबापाशी, तिची दुप्पट धरायची, म्हणजे पूरपातळीपासून २० मीटर. पण पिअर १.२ मीटर जाड असो की ४ मीटर, लेसीचा आकडा हलत नाही. ही त्याची मोठी उणीव.

ती एचईसी-१८ मध्ये नाही. १९८७ साली न्यूयॉर्क राज्यात स्कोहारी क्रीकवरचा पूल पाया उघडा पडून कोसळला, दहा माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेच्या महामार्ग खात्याने हे मार्गदर्शन तयार केलं. वरच्याच नदीत ८ मीटर पाणी, सेकंदाला अडीच मीटर वेग आणि २ मीटर जाडीचा गोल पिअर घेतला, तर पिअरभोवतीचा खड्डा सुमारे ४.१ मीटर येतो. १.२ मीटरचा पिअर घेतला तर ३ मीटर. आणि लांबट पिअरवर प्रवाह १५ अंश तिरका आला, तर हाच खड्डा दीडपट होऊ शकतो.

८ मीटर पाणी आणि ४ मीटर खड्डा म्हणजे १२, लेसीचे २०. इथे हुरळून जाऊ नका. १२ मध्ये फक्त पिअरमुळे पडणारा खड्डा आहे. पुलामुळे पात्र आवळल्याने तळ किती उतरेल आणि वर्षानुवर्षं किती उतरत जाईल, ते वेगळं काढून मिळवावं लागतं. अनेक जण ते मिळवतच नाहीत.

पात्राचा आकार मात्र दोन्हींच्या आवाक्याबाहेर आहे. लेसी १०,००० क्युमेकला ४८० मीटर रुंदी देतो. कोसी तिच्या गाळात कित्येक किलोमीटर पसरते. १८ ऑगस्ट २००८ ला कुसहाला बांध फुटला आणि ती पूर्वेकडे १०० किलोमीटरहून जास्त सरकली. अशा नदीसाठी संगणकावरचं द्विमितीय मॉडेल हवं. पूल मोठा असेल तर खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात भौतिक मॉडेलही करावं. तिथेही वाळू प्रमाणात बारीक करता येत नाही. फार बारीक झाली की ती चिकटायला लागते. एकमिती हेक-रास हे संगणकी मॉडेल मोफत मिळतं आणि तळ किती उतरेल ते सांगतं, पण नदी काठ कुठे सोडेल हे त्याला विचारू नका.

पद्धतीच्या आधी नमुना. एका कामात वाळू काठावरून उचलून पाठवली होती. चाळण्या लावल्या, कण ०.१५ मिमी निघाला. पात्रातल्या बोअरचा नमुना आला तो ०.४. वरच्याच २० क्युमेकला पिअरपाशी जवळपास साडेतीन मीटरचा फरक! आणि पावसाळ्यानंतर ओळंबा सोडून मोजलेल्या खड्ड्यावर विसंबू नका. पूर ओसरताना तो वाळूने भरतो. डिसेंबरला सपाट दिसणारा तळ ऑगस्टला तिथे नव्हता.

वैतरणा, उल्हासच्या खाडीत लेसी नकोच. तिथे मऊ काळी चिकणमाती, खाली बेसॉल्ट आणि भरती-ओहोटीने दोन्ही दिशांचा प्रवाह. शिवाय ड्रेजरने रेती उपसली की तळ खाली जातो, आणि तो कुठल्याच सूत्रात नसतो. इथे दर वर्षी एकाच जागी पात्राचा काटछेद (आडवा छेद) मोजा.

गंगेच्या मैदानात मध्यम पूल असेल तर मी लेसी आणि एचईसी-१८ दोन्ही काढतो आणि जास्त खोलीचा आकडा धरतो. कोसीसारखी नदी असेल तर मॉडेलचा खर्च क्लायंटकडून पहिल्याच बैठकीत मान्य करून घ्या. वेल (पायाची विहीर) उतरवायला सुरुवात झाल्यावर तो मिळत नाही.