रणजीच्या दिवशी होळकर स्टेडियम : एका पाहुण्याचा अभिप्राय

मावशीकडे इंदूरला आठवडाभर राहण्याचा योग आला आणि त्याच दिवसांत होळकर स्टेडियमवर मध्य प्रदेशचा रणजी सामना असल्याचे कळले, म्हणून मी सलग दोन दिवस पहिल्या षटकापासून खेळ संपेपर्यंत तिथे बसलो. परगावच्या माणसाला हे मैदान मनापासून पाहायचे असेल, तर त्याने आंतरराष्ट्रीय सामन्याच्या तिकिटामागे धावण्यापेक्षा रणजीचा दिवस निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

रेसकोर्स रोडवरचे हे मैदान भर शहरात असल्याने पोहे-जिलेबी खाऊनही वेळेवर पोहोचता येते. मला तिकीट लागले नाही. सुमारे 30,000 प्रेक्षकांची सोय असलेल्या मैदानात शे-दोनशेच माणसे होती, त्यामुळे उन्हाबरोबर जागा बदलत बसण्याची चैन करता आली. वीरेंद्र सेहवागने 8 डिसेंबर 2011 रोजी वेस्ट इंडीजविरुद्ध 149 चेंडूंत 219 धावा काढल्या त्या इथेच, आणि इथल्या सीमारेषा जवळ आहेत हे आपण दूरचित्रवाणीवर नेहमी ऐकतो; पण त्या जवळिकीचा खरा लाभ शांत सामन्यात मिळतो. षटक संपवून आमच्यासमोर क्षेत्ररक्षणाला आलेल्या वेगवान गोलंदाजाने बूट काढला, मोजा ओढून सरळ केला आणि अंगठ्यावरची सुटलेली पट्टी दातांनी फाडून नव्याने गुंडाळली. तेवढ्यात कर्णधाराची हाक आली, तेव्हा नाडी तशीच खोचून तो धावला. भरलेल्या मैदानात हे दिसले नसते आणि ती हाकही ऐकू आली नसती.

शेजारी इंदुरी मराठी बोलणारे एक आजोबा होते. मी कोल्हापूरचा आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "मग निंबाळकर तुमचेही आणि आमचेही!" भाऊसाहेब निंबाळकर मूळचे कोल्हापूरचे, पण ते इंदूरच्या होळकर संस्थानाच्या संघातूनही खेळले. 1945-46 च्या हंगामात याच शहरात म्हैसूरविरुद्ध होळकर संघाने 8 बाद 912 धावा केल्या आणि एकाच डावात सहा जणांनी शतके झळकावली. भांडारकर, सरवटे, जगदाळे, सी. के. नायडू, निंबाळकर, प्रतापसिंग ही सहाही नावे आजोबांनी बोटांवर मोजून सांगितली. होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला, त्यातला पहिला त्याच हंगामातला. 2022 मध्ये चंद्रकांत पंडितांच्या मार्गदर्शनाखाली मध्य प्रदेशाने अंतिम सामन्यात मुंबईला हरवून प्रथमच तो करंडक मिळवला, तेव्हा आपण रात्री उशिरापर्यंत जागे होतो, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला. एवढ्यासाठी तरी पाहुण्याने एकट्याने कोपऱ्यात बसू नये, जुन्या मंडळींच्या जवळ बसावे.

खेळण्याचा अनुभव मात्र इतका निर्भेळ नव्हता. मावसभावाबरोबर संध्याकाळी बॅडमिंटन खेळावे म्हणून आम्ही तासाच्या भाड्याने एक कोर्ट घेतले. उजेड उत्तम होता, लाकडी जमिनीवरची मॅट स्वच्छ होती आणि जाळे व्यवस्थित ताणलेले होते. परंतु पैसे भरताना बुटांविषयी कुणी काहीच सांगितले नव्हते आणि दारात आल्यावर मात्र डाग न पाडणाऱ्या तळव्यांचे बूट नाहीत म्हणून मला अडवण्यात आले. नियम योग्यच आहे, कारण साध्या बुटांनी मॅट खराब होते. पण प्रवासात असे बूट बरोबर नसणार, हे ओळखून तो आधी सांगायला हवा होता. मावसभावाने घरून जादा जोड आणेपर्यंत वीस मिनिटे गेली आणि ती आमच्या तासातूनच वजा झाली. उरलेल्या चाळीस मिनिटांत आम्ही दोन गेम खेळलो. इंदूरला जाताना टोपी आणि पाण्याच्या बाटलीबरोबर पिशवीत बॅडमिंटनचे बूटही टाकावेत.