आधी आभाळाचा फोटो दाखवा

इंदूरच्या जेल रोडवर, मोबाइलच्या कव्हरांनी दर्शनी भाग पूर्ण झाकून टाकलेल्या एका दुकानाच्या पोटमाळ्यावर, कॅमेरे दुरुस्त करणारे एक वयस्कर मराठी गृहस्थ बसतात. त्यांच्या नावाची पाटी खाली नाही आणि वरही नाही. ज्याला ठाऊक असते तो जिना चढतो. त्यामुळे या परीक्षणात दुकानाचे नाव येणार नाही, आणि सगळे त्यांना ज्या नावाने हाक मारतात त्याच ‘काका’ या नावाने मी त्यांचा उल्लेख करणार आहे. गेल्या चार वर्षांत मी त्यांच्याकडे तीनदा कॅमेरा घेऊन गेले. पहिल्या दोन वेळी त्यांनी काम करून पैसे घेतले, तिसऱ्या वेळी एक लेन्स न उघडताच माझ्या हाती परत ठेवली.

माझ्याकडे निकॉनचा डी750 आहे. 2014 साली बाजारात आलेला हा कॅमेरा आता जुना झाला असला, तरी हिवाळ्यात सिरपूर तलावावरचे पक्षी, अनंत चतुर्दशीच्या रात्रीच्या झांक्या (सजवलेले चित्ररथ), नात्यातल्या मुंजी आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, एवढ्यासाठी तो मला पुरतो. काकांकडे जाण्यापूर्वी, दिवाळीच्या आधी घर झाडून घ्यावे तशी, मी दर वर्षी ऑक्टोबरात त्याची सर्व्हिसिंग करून घेत असे. कॅमेऱ्यात काही बिघडले आहे का, हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता; वर्ष झाले एवढेच कारण पुरेसे वाटत होते. शेवटच्या अशा सर्व्हिसिंगला एका मोठ्या केंद्रात 3,500 रुपये आणि 11 दिवस गेले, आणि कॅमेरा परत आल्यावर सिरपूरच्या पहिल्याच फोटोत आभाळाच्या कोपऱ्यात ओल्या फडक्याने पुसल्यासारखा एक फराटा दिसला. तो आधी नव्हता, हे सिद्ध करायला माझ्याजवळ काहीच नव्हते, कारण कॅमेरा देण्यापूर्वी मी तपासणीचा फोटो काढलाच नव्हता.

तो फराटा घेऊन मी पहिल्यांदा जेल रोडचा जिना चढले. कॅमेरा पिशवीतून बाहेर काढण्याच्या आतच काका म्हणाले, “ताई, आधी आभाळाचा फोटो दाखवा, मग बोलू.” माझ्याकडे तसा फोटो नसल्यामुळे त्यांनी मला गच्चीवर पाठवले आणि काय करायचे ते सांगितले. आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, 100 ठेवायचा, अॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र, एफ/22 इतके बारीक करायचे (एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र बारीक), फोकस हाताने अगदी जवळच्या अंतरावर फिरवायचा, उजेड एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवायचा, आणि ढग नसलेल्या आभाळाच्या तुकड्याकडे कॅमेरा रोखून, शटर उघडे असताना तो किंचित हलवत फोटो काढायचा. हात हलला तर फोटो बिघडेल ही आपली सवयीची भीती येथे गैरलागू आहे, कारण हलल्यामुळे आभाळातले जे काही असेल ते पुसट होते, पण सेन्सरवरचा, म्हणजे कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या भागावरचा, कण सेन्सरबरोबरच हलत असल्याने जागच्या जागी ठसठशीत उमटतो.

एफ/22 च का, याचे त्यांनी दिलेले उत्तर मला फार आवडले. धूळ प्रत्यक्ष सेन्सरवर नसतेच; सेन्सरच्या थोडे वर जे काचेचे फिल्टर असते त्यावर ती बसते. अॅपर्चर मोठे उघडे असले की प्रकाश अनेक कोनांतून येतो आणि कणाची सावली विरून जाते, ते बारीक केले की प्रकाश जवळजवळ एकाच दिशेने येतो आणि सावली रेखीव पडते. मुंजीचे फोटो एफ/2.8 किंवा एफ/4 वर काढणाऱ्याच्या सेन्सरवर पन्नास कण असले तरी त्याला वर्षभर त्यांचा पत्ता लागणार नाही, आणि सिरपूरचे पाणी व आभाळ एफ/16 वर टिपणाऱ्याला पाचच कण हैराण करतील. सफाई केव्हा करायची याचे उत्तर म्हणूनच प्रत्येकाचे वेगळे असते. छिद्र अतिशय बारीक केल्यावर चित्राचा रेखीवपणा एरवीही थोडा कमी होतो, त्यामुळे एफ/22 वर कोणी रोज फोटो काढत नाही. तपासणी मुद्दाम कडक ठेवायची, आणि तिच्यात दिसलेला प्रत्येक ठिपका दुकानात जाण्याइतका मोठा आहे असे मानायचे नाही.

ठिपक्यांचे प्रकार ओळखणे हा या तपासणीचा महत्त्वाचा भाग आहे. कडा पुसट असलेला करडा गोल म्हणजे कोरडी धूळ, वाकडी रेघ म्हणजे कापडाचा धागा, आणि कडेने फिकट वलय असलेला गडद ठिपका म्हणजे बहुधा तेलाचा किंवा वाळलेल्या द्रवाचा थेंब. पहिले दोन हवेच्या झोताने निघू शकतात, तिसरा निघत नाही. तेल कोठून येते, असे मी विचारले तेव्हा काकांनी शटरच्या यंत्रणेकडे बोट दाखवले आणि निकॉनच्याच डी600 ची आठवण करून दिली. 2012 साली आलेल्या त्या कॅमेऱ्यांत सेन्सरवर ठिपके साचण्याच्या इतक्या तक्रारी आल्या, की कंपनीला पुढे मोफत तपासणी आणि शटर बदलून देण्याची सोय जाहीर करावी लागली. आपल्या निष्काळजीपणाशिवायही सेन्सर मळू शकतो, हे कळल्यावर मला जरा बरे वाटले.

माझा फराटा म्हणजे आधीच्या सफाईत राहिलेला द्रव होता. काकांनी सेन्सरसमोरचा आरसा वर अडकवला, भिंगाच्या दिव्याखाली पाहिले, 24 मिलिमीटर रुंदीच्या कोऱ्या स्वॅबवर (सेन्सर पुसायच्या पट्टीवर) सफाईच्या द्रवाचे मोजून दोन थेंब टाकले आणि एका बाजूने दुसऱ्या बाजूला एकदाच ओढले; परत येताना स्वॅबची दुसरी बाजू वापरली आणि तो टाकून दिला. मग पुन्हा गच्ची, पुन्हा आभाळ. दोन ठिपके उरले होते, ते ब्लोअरने, म्हणजे दाबल्यावर हवेचा झोत सोडणाऱ्या रबरी फुग्याने, गेले. एकूण 40 मिनिटे आणि 1,200 रुपये. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो त्यांनी मलाच जपून ठेवायला सांगितले, आणि तेव्हापासून कॅमेरा कोणाच्याही हाती देण्यापूर्वी मी आभाळाचा फोटो काढते.

दुसरी भेट गेरीनंतरची. बाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर, होळीनंतर पाचव्या दिवशी इंदूरमध्ये राजवाड्याच्या परिसरातून रंगांच्या मिरवणुका निघतात, टँकरमधून रंगाचे पाणी उडवले जाते, यंत्रांनी गुलाल इमारतींच्या माथ्यापर्यंत फेकला जातो, आणि तासाभरात त्या सात मजली वाड्यासमोर रस्त्याचा रंगही ओळखू येत नाही. मी कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून लेन्सच्या तोंडाशी टेप लावली होती. तरीही घरी आल्यावर झूमची कडी फिरवताना बारीक कचकच ऐकू आली.

आजचा बराचसा गुलाल मक्याच्या पिठीचा असतो. त्या पिठीच्या कणाचा आकार साधारण 5 ते 20 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि माझ्या सेन्सरवरचा एक पिक्सेल, म्हणजे चित्राचा एक बिंदू टिपणारा घटक, साधारण 6 मायक्रॉनचा. इतकी बारीक पूड कोणत्याही फटीतून आत जाते, आणि बाहेर येणाऱ्या नळीची झूम लेन्स तर लांब करताना हवा आत ओढते आणि मिटताना बाहेर सोडते, म्हणजे आपण स्वतःच भात्याने गुलाल आत भरत असतो. त्यावर ओला रंग पडला की पूड खळीसारखी चिकटते. म्हणून अशा वेळी आभाळाच्या फोटोची वाट पाहायची नाही, असे काकांचे स्पष्ट म्हणणे आहे. झूम फिरवायची नाही, लेन्स बॉडीपासून काढायची नाही, फडक्याने पुसायचे नाही. मऊ कोरड्या ब्रशने वरचा गुलाल झाडायचा, बॅटरी काढायची आणि जसा आहे तसा कॅमेरा दोन दिवसांत आणून द्यायचा. मी लेन्स काढली नव्हती हे नशीब, पण कडी मात्र चार-पाच वेळा फिरवली होती. त्याबद्दल त्यांनी मला जे ऐकवले ते येथे लिहिण्यासारखे नाही.

त्या वेळी त्यांनी माझ्या 24-120 मिलिमीटरच्या झूम लेन्सची नळी उघडून आतली पूड काढली, लेन्स बसते ती माउंटची कड, बटणांच्या फटी आणि फ्लॅशची बिजागरी साफ केली, आणि शेवटी सेन्सर. 4,200 रुपये झाले. दोन दिवस म्हणून सांगितलेले काम पाच दिवसांनी मिळाले, कारण त्या आठवड्यात त्यांच्या टेबलावर गुलाबी झालेले 14 कॅमेरे मी स्वतः मोजले होते. कामात मला खोट दिसली नाही, फक्त मागच्या अंगठ्याखालच्या रबरावर गुलाबी झाक राहिली. ती अजून आहे.

तिसऱ्या वेळी मी दोन लेन्स नेल्या होत्या. पक्ष्यांसाठीच्या 70-300 मध्ये मोबाइलच्या टॉर्चने पाहिल्यावर चांदण्यांसारखे कण दिसत होते, आणि ती उघडून साफ करावी असे माझे म्हणणे होते. काकांनी ती कॅमेऱ्याला लावली, समोरच्या इमारतीचा फोटो काढला आणि तो मोठा करून मला विचारले, “यात कुठे दिसते धूळ?” दिसत नव्हती. लेन्सच्या आतले थोडे कण चित्रात उमटत नाहीत. फार झाले तर उन्हाकडे तोंड केल्यावर कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडद भागांतला फरक, थोडा कमी होतो. उलट लेन्स उघडली की आतल्या भिंगांची जागा केसभर सरकण्याचा धोका असतो, आणि मग एक बाजू स्पष्ट व दुसरी पुसट असे फोटो कायमचे वाट्याला येतात. 2,500 रुपयांचे काम त्यांनी नाकारले.

दुसरी लेन्स बाबांची, जुनी 50 मिलिमीटरची. दोन पावसाळ्यांपूर्वी ती मांडूला नेली होती, तिथल्या धुक्यात ओलसर झाली आणि तशीच चामड्याच्या केसमध्ये बंद करून कपाटात ठेवली गेली. तिच्यात कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे होते. ही बुरशी, आणि तिच्या बाबतीत काका क्षणभरही थांबायला तयार नव्हते. ती वाढताना जे आम्ल सोडते त्याने काचेवरचा लेप आणि पुढे काचही खरवडली जाते. त्यानंतर बुरशी निघाली तरी तिचा ठसा राहतो. बाबांच्या लेन्समध्ये असा एक फिकट ठसा राहिलाच, पण फोटोत तो जाणवत नाही. या कामाचे 1,800 रुपये घेताना त्यांनी चामड्याची केस फेकून द्यायला सांगितली आणि हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक घ्यायला लावला. काटा 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान ठेवायचा. 60 च्या वर गेला की जेल गरम करून पुन्हा कोरडे करायचे. इंदूरच्या एप्रिल-मेमध्ये या डब्याची गरज वाटत नाही, जुलै उजाडला की काटा पाहण्याची सवय लागते.

उणिवाही आहेत आणि त्या लहान नाहीत. मागितल्याशिवाय पावती मिळत नाही; मी आता कॅमेऱ्याचा क्रमांक आणि शटरचा आकडा, म्हणजे आजवर किती फोटो काढले ते, लिहून घेऊन त्यांची सही मागते. कॅमेरा वॉरंटीत असेल तर येथे मुळीच जाऊ नये, कारण बाहेर उघडलेल्या कॅमेऱ्याची जबाबदारी कंपनी नाकारू शकते. ऑटोफोकस पुढे-मागे होत असेल तर काका भिंतीवर चिकटवलेल्या एका मोजपट्टीवर तपासून तो जुळवतात; घरगुती कामाला ते पुरते, पण लग्नांचे फोटो काढून पोट भरणाऱ्याने अधिकृत केंद्राचा खर्च सोसलेला बरा. सेन्सर हलता असलेल्या नव्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांना ते ब्लोअरपलीकडे हात लावत नाहीत. हा त्यांचा प्रामाणिकपणा आहे, पण लेन्स काढताक्षणी सेन्सर उघडा पडणाऱ्या अनेक मिररलेस कॅमेऱ्यांनाच धूळ अधिक सतावते, त्यामुळे ती अडचण खरी आहे. शटर बदलायचे असेल तर सुटा भाग येईपर्यंत किती दिवस जातील, हे ते सांगू शकत नाहीत. माझ्या कॅमेऱ्याचे शटर 1,50,000 फोटोंसाठी प्रमाणित आहे आणि आकडा 92,000 वर आहे; “आवाज बदलला तर या, आकड्याला भिऊन येऊ नका,” असे त्यांचे मत.

आता ऑक्टोबरची सर्व्हिसिंग मी बंद केली आहे. घरी महिन्यातून एकदा आभाळाचा फोटो काढते; ठिपके असतील तर बॅटरी पूर्ण भरून, मेनूतून आरसा वर अडकवून, कॅमेऱ्याचे तोंड खाली करून रबरी ब्लोअरचे चार झोत देते. तोंडाने फुंकर घालायची नाही, कारण थुंकीचा कण धुळीपेक्षा वाईट, आणि दाबाच्या डब्यातली हवाही नको, कारण तिच्यातून गार द्रव उडतो. फोटोत वर दिसणारा ठिपका सेन्सरच्या खालच्या भागात असतो, हे लक्षात ठेवले की झोत योग्य जागी जातो. ब्लोअरनंतरही एफ/11 च्या रोजच्या फोटोत ठिपका दिसला, वलयाचे ठिपके वाढले, कड्यांत कचकच आली, किंवा काचेत धागा दिसला, तरच मी जिना चढते.

दुकान सकाळी 11 नंतर उघडते आणि दुपारी दीड ते तीन बंद असते. जाताना बॅटरी भरलेली न्यावी, मेमरी कार्ड घरीच ठेवावे, आणि गेरीच्या दुसऱ्या दिवशी जायचे असेल तर साडेदहालाच जिन्यावर उभे राहावे.