साधा रॉड, सत्तर-अठरा की निकेल? ट्रॉली, बीड (कास्ट आयर्न) आणि स्टीलसाठी काय घ्यावं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाऊन नुसतं 'वेल्डिंग रॉड द्या' म्हटलं तर बहुतेक वेळा हातात पडतो ६०१३. साधा रॉड म्हणतात तो हाच. ग्रिल, गेट, शेडचा सांगाडा एवढंच काम असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही. एसी ट्रान्सफॉर्मरवर चालतो, चटकन पेटतो, वेल्डवरची खपली लगेच सुटते. ३.१५ मिमीला, म्हणजे दहा नंबरला, ९० ते १३० अँपिअर धरा. पातळ पाइपाला २.५ मिमी घेऊन ६० ते ९० वर या.

खरा प्रश्न पडतो तो उसाच्या ट्रॉलीपाशी. हूक, चासीचे जोड, अॅक्सलची बैठक यांना भरल्या ट्रॉलीचे सतत हिसके बसतात. इथं ७०१८ (सत्तर-अठरा) घ्या असं सगळेच सांगतात, आणि ते बरोबरच आहे, पण सांगितलं जाणारं कारण अर्धवट असतं. ६० आणि ७० हे आकडे ताणाची किमान ताकद दाखवतात, दर चौरस इंचाला ६०,००० आणि ७०,००० पौंड. साध्या एमएस (माइल्ड स्टील) चॅनेलला साठसुद्धा पुरतो. फरक पडतो तो हायड्रोजनमुळे. ७०१८ च्या बेसिक कोटिंगमुळे जोडात हायड्रोजन कमी जातो. त्यामुळे जाड प्लेट किंवा ईएन ८ सारखं जास्त कार्बनचं पोलाद असलं तरी वेल्डच्या कडेला आतून बारीक तडे जाण्याचा धोका घटतो. ईएन ८ आधी गरम मात्र करावंच लागतं.

हायड्रोजन ओलाव्यातूनच येतो, म्हणून हा फायदा रॉड कोरडा असेल तरच मिळतो. आपल्याकडं हंगामाआधीची ट्रॉली-दुरुस्ती ऐन पावसाळ्यात निघते आणि फोडलेला पुडा फळीवर तसाच पडून असतो. तो ओव्हनमध्ये ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजावा लागतो. उन्हात ठेवून भागत नाही. ६०१३ चं उलटं आहे. त्याला शंभर अंशांच्या आसपास पुरे, जास्त भाजला तर कोटिंगच बिघडतं. शिवाय ७०१८ ला डीसी मशीन हवं, रॉड प्लस टोकाला जोडून. जुन्या, कमी व्होल्टेजच्या ट्रान्सफॉर्मरवर तो चिकटत राहतो. म्हणून इन्व्हर्टर मशीन आणि ओव्हन दोन्ही असतील तर हुकाला ७०१८ बिनधास्त वापरा. नसतील तर बाकीची ट्रॉली घरी ६०१३ ने करा आणि हूक तेवढा, ही सोय असलेल्या वर्कशॉपकडून करून घ्या. ओला ७०१८ म्हणजे महाग पैसे देऊन साधंच काम.

आता बीड. यात तीनेक टक्के कार्बन असतो. साधा रॉड मारला की तो कार्बन वेल्डमध्ये विरघळतो, काचेसारखा कडक थर तयार होतो आणि गार होताना शेजारीच 'टण्ण' आवाज येतो. निकेलचा थर मऊ राहतो, म्हणून निकेल रॉड. त्यातही दोन प्रकार. शुद्ध निकेलचा थर लेथवर छान कापला जातो. पंपाची बॉडी, ब्लॉकचा फेस अशा कामांना तो घ्या. निकेल-आयर्नमध्ये निकेल साधारण ५५ टक्के असतं. तो जास्त ताकदीचा, जाड भागाला आणि एसजी आयर्नला (कमी ठिसूळ बीड) योग्य. भाग ग्रे (साधं बीड) आहे की एसजी हे कळत नसेल तर हातोडी मारून बघा. ग्रे बद्द वाजतं, एसजी खणखणतं.

दोन्ही रॉडची किंमत ऐकून दचकायला होतं, पण रॉडपेक्षा पद्धत महत्त्वाची. तड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडा, तड्यावर व्ही आकाराची खाच काढा, तेल पुरतं घालवा. एका वेळी इंचभरच वेल्ड, लगेच हलक्या हातानं हातोडी, मग थांबा. शेवटी राखेत किंवा चुन्यात गाडून सावकाश गार होऊ द्या. गुऱ्हाळाच्या चरकाचं दातेरी चाक असेल तर मी एक वेगळीच तुलना करायला सांगेन. दात तुटले असतील तर वेल्डिंगचा खर्च आणि कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एखाद्या फाउंड्रीत नवं चाक ओतून घेण्याचा खर्च शेजारी ठेवा. ही सोय सगळ्याच गावांत नसते.

साखर कारखान्यातले मिलचे रोलरही बीडाचे, पण तिथं उलट मुद्दाम कडक थर हवा असतो. उसावर पकड बसावी म्हणून दातांवर जास्त क्रोमियमच्या रॉडनं ठिपके चढवतात, तेही रोलर फिरत असताना. त्या रॉडनं चरकाचा तडा सांधायला जाऊ नका.

स्टेनलेसचं गणित सोपं आहे. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसला ३०८एल रॉड, ३१६ ला ३१६एल, आणि एसएसला एमएस जोडायचं असेल तर ३०९एल. करंट साध्या रॉडपेक्षा कमी ठेवा, कारण स्टेनलेसमध्ये उष्णता पसरत नाही आणि पत्रा लवकर वाकडा होतो. जीआय पाइप असेल तर जोडाजवळचं जस्त आधी ग्राइंडरनं काढा, त्याच्या धुरानं ताप येतो.

अॅल्युमिनियमचेही रॉड मिळतात. ते झरझर जळतात, दमट हवेत लवकर खराब होतात आणि खपली पूर्ण धुतली नाही तर धातूच खाते. ते काम टिग (आर्गॉन) वेल्डिंगवाल्याकडंच द्या.