डिकोडर बसवून घेताना झालेली फसवणूक

मॉडेल रेल्वेच्या एचओ आकाराच्या (मूळ गाडीच्या सुमारे १/८७) तीन इंजिनांमध्ये डीसीसी, म्हणजे डिजिटल नियंत्रणाच्या पद्धतीचे, डिकोडर बसवण्याचे काम मी परगावच्या एका कारागिराकडे दिले होते. त्याने पहिल्या इंजिनात ठरलेल्या कंपनीच्या डिकोडरऐवजी बिननावाचा स्वस्त डिकोडर घातला, दुसऱ्यात ध्वनीच्या डिकोडरचे पैसे घेऊन साधा डिकोडर बसवला आणि तिसरे इंजिन न उघडताच ‘डिकोडर जळाला’ असे सांगून त्याची किंमत वसूल केली. सगळे मिळून तीस हजार रुपयांच्या आसपास गेले. हीच पद्धत त्याने आणखी काही जणांवर वापरली असल्याचे नंतर समजले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

डीसीसीमध्ये रुळांवर कायम साधारण १४ ते १५ व्होल्टचा दाब असतो आणि त्याच विजेतून आज्ञाही जातात. प्रत्येक इंजिनातला डिकोडर आपल्या क्रमांकाची आज्ञा ओळखून मोटार आणि दिवे चालवतो. मूळ रचना जर्मनीतील लेन्झ कंपनीची असून अमेरिकेच्या एनएमआरए या संस्थेने १९९०च्या दशकात तिला मानकाचे रूप दिले. त्यामुळे कोणत्याही कंपनीचा डिकोडर कोणत्याही नियंत्रकावर चालतो. ही ग्राहकाची मोठी सोय आहे, पण लबाडीलाही तिचाच आधार मिळतो, कारण चारपट महागाचा डिकोडर असो वा स्वस्तातला, इंजिन पळते आणि दिवा लागतो, तेव्हा पाहणाऱ्याचे समाधान होते. खरा फरक अगदी मंद वेगात कळतो आणि तो कळेपर्यंत पैसे पोचते झालेले असतात.

आपल्याकडे या छंदाची दुकाने थोडी. त्यात खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले, आणि मॉडेल रेल्वे त्याच वर्गात मोडते. इतके महाग पडलेले इंजिन स्वतः उघडायला बहुतेकांचा हात धजत नाही. आत काय बसले हे ग्राहक पाहणार नाही, या भरवशावरच अशा कारागिराचा धंदा चालतो. या गृहस्थाचे काम व्हिडिओत स्वच्छ दिसत होते, बोलणे मृदू होते, आणि पैसे पाठवल्यावर डिकोडरांच्या सीलबंद खोक्यांची छायाचित्रे व्हॉट्सअॅपवर तत्परतेने आली. ती खोकी माझ्या मालाची होती असे मात्र त्या छायाचित्रांत कुठेही दिसत नव्हते.

पहिले इंजिन युरोपीय बनावटीचे, त्यात एनईएम ६५२ म्हणजे आठ पिनांचे सॉकेट कारखान्यातूनच आलेले. यात ईएसयू कंपनीचा लोकपायलट हा ध्वनी नसलेला डिकोडर बसवायचे ठरले होते. परत आलेले इंजिन सुरू होताना गुणगुणत होते आणि वेगाच्या पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर झटके देत होते. मी ते प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे डिकोडरची मांडणी वाचण्या-लिहिण्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या, रुळावर ठेवून सीव्ही ८ वाचला. डिकोडरच्या या कप्प्यात उत्पादकाचा क्रमांक असतो: ईएसयूचा १५१, झिमोचा १४५, डिजिट्रॅक्सचा १२९, लेन्झचा ९९. वाचन चालू असताना डिकोडर मोटारीला क्षणभर वीज देऊन होकार कळवतो (किमान ६० मिलिअँपिअर, सुमारे सहा मिलिसेकंद), म्हणून इंजिन जागच्या जागी किंचित दचकते. ते दचकले आणि पडद्यावर आकडा आला १३. एनएमआरएच्या यादीत हा आकडा घरगुती आणि सार्वजनिक आराखड्याच्या डिकोडरांसाठी ठेवलेला आहे. कारागिराचे म्हणणे पडले की माझा नियंत्रकच चुकीचे वाचतो. त्याच रुळावर माझ्या जुन्या इंजिनातला ईएसयूचा डिकोडर १५१ दाखवत होता. हे कळवल्यावर दोन दिवस उत्तर आले नाही.

दुसरे इंजिन अमेरिकन, अल्को या इंजिने बनवणाऱ्या कंपनीच्या सेंचुरी मालिकेतल्या इंजिनाचे मॉडेल. त्या मालिकेत अल्कोचे २५१ हे डिझेल यंत्र होते आणि भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनातही त्याच कुळातले. पुण्यात घोरपडीच्या डिझेल शेडच्या आसपास वाढलेल्या माणसाला तो घरघराट का हवा असतो हे वेगळे सांगायला नको. म्हणून यात लोकसाउंड हा ईएसयूचा ध्वनीचा डिकोडर बसवायचा होता आणि एकूण रकमेतला निम्म्याहून मोठा वाटा त्याचाच होता. इंजिन परत आले ते मुके. खुलासा असा की डिकोडर कोरा आहे, ध्वनीची फाइल यायची आहे, आली की इंजिन पुन्हा पाठवा. खुलासा पटण्यासारखा होता, कारण कोरे लोकसाउंड खरोखरच मिळतात आणि त्यात नंतर ध्वनी भरता येतो. पण इथेही सीव्ही ८ मध्ये १३ आला, तेव्हा मी वरची बॉडी काढली. इंधनाच्या टाकीत छोटा स्पीकर व्यवस्थित चिकटवलेला होता. त्याच्या दोन बारीक तपकिरी तारा चॅसीवरून डिकोडरपर्यंत नीट ओढून पिवळसर कॅप्टॉन (उष्णता सोसणाऱ्या) टेपखाली नेल्या होत्या. टेप सोलली तर दोन्ही तारांची टोके कापलेली निघाली आणि ती कशालाच जोडलेली नव्हती. ज्या डिकोडरशेजारी ती टेकवली होती त्याला स्पीकर जोडण्याची जागाच नव्हती. बॉडी उघडून वरवर पाहणाऱ्यालाही सगळे जागच्या जागी दिसावे एवढ्यासाठी घेतलेली ती मेहनत होती.

तिसरे इंजिन जुने, सॉकेट नसलेले. अशा इंजिनांत मोटारीला वीज पोचवणारा एक ब्रश बहुधा चॅसीला टेकलेला असतो. डिकोडर बसवण्यापूर्वी मोटार रुळांपासून पूर्ण अलग करावी लागते. त्यानंतर लाल आणि काळी तार चाकांकडून येणाऱ्या विजेला, नारिंगी आणि करडी तार मोटारीला जोडतात. मोटार अलग न करता वीज दिली तर डिकोडर तत्क्षणी जळतो. ‘तुमच्या मोटारीत दोष होता, त्यामुळे डिकोडर जळाला, त्याची किंमत तुम्हाला द्यावी लागेल’ हे विधान म्हणूनच खरे वाटते. वास्तविक मल्टिमीटरची एक पिन ब्रशला आणि दुसरी चाकाला लावून जोड आहे की नाही ते पाहणे हे या कामातले पहिले पाऊल आहे आणि ते बसवणाऱ्यानेच टाकायचे असते. मी पैसे दिले आणि जळालेला डिकोडर परत मागितला. तो टाकून दिला असे आधी कळवले, मग आग्रह धरल्यावर एक छायाचित्र आले. काळपट चिप, वितळलेली कड, सारे दिसत होते. फक्त तो डिकोडर २१एमटीसी प्रकारचा होता. या प्रकाराला तारा नसतात, तो थेट इंजिनातल्या सर्किटच्या पाटीवर खोचला जातो, आणि माझ्या इंजिनात खोचायला ना पाटी होती ना सॉकेट. हेच छायाचित्र ठाण्याच्या एका परिचितालाही वेगळ्याच इंजिनाबद्दल पूर्वी आले होते. इंजिन उघडले तेव्हा ब्रशचा चॅसीला असलेला जोड जसाच्या तसा होता आणि स्क्रूंच्या खाचांत जुने ग्रीस घट्ट बसलेले होते.

ज्यांचे इंजिन सध्या कुणाकडे आहे त्यांनी उरलेली रक्कम देण्यापूर्वी सीव्ही ७ (डिकोडरची आवृत्ती) आणि ८ वाचतानाचा अखंड व्हिडिओ मागावा आणि त्यात इंजिनाचा क्रमांक दिसायला हवा असे सांगावे. सीव्ही ८ फक्त वाचायचा, त्यात काही लिहायचे नाही, कारण अनेक डिकोडरांत तिथे ८ लिहिले की सर्व मांडणी पुसून कारखान्यातली परत येते. नकली मालात उत्पादकाचा आकडाही खोटा घालता येणे शक्य आहे, त्यामुळे त्या एकट्यावर विसंबू नये. ईएसयूचा डिकोडर असल्यास त्यांच्याच लोकप्रोग्रॅमरवर प्रकार आणि अनुक्रमांक वाचता येतो. ज्याच्याकडे हे यंत्र आहे असा माणूस आपल्या वर्तुळात सहसा सापडतो. इंजिन पाठवण्याआधी बॉडी काढलेल्या अवस्थेतील छायाचित्रे ठेवावीत. काढलेले सुटे भाग, डिकोडर नसताना सॉकेटात असलेली बंद पाटी आणि जळाला असेल तर तो डिकोडरही परत मिळेल, हे लेखी घ्यावे.

माझ्याकडे संदेश, बँकेच्या नोंदी आणि उघडलेल्या इंजिनांची छायाचित्रे होती. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मी लेखी नोटीस पाठवली. त्यानंतर ध्वनीच्या डिकोडरची रक्कम, कुरिअरचा खर्च कापून, खात्यात आली. बाकीच्याबद्दल तो काही बोलायला तयार नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. माझी तक्रार तिथे दाखल झाली असल्याने त्या व्यक्तीचे नाव आणि गाव इथे लिहीत नाही. ज्यांना २१एमटीसी डिकोडरचे ते जळके छायाचित्र आले असेल, त्यांनी मूळ संदेश तारखेसह जपून ठेवावा.