चलनसाठ्यातले रोखे मोजायचे तर नाणेनिधीचा तक्ता

दोन देशांच्या परकीय चलनसाठ्यात रोखे, म्हणजे मुख्यतः सरकारी कर्जाचे बॉण्ड, किती, हे शेजारी शेजारी ठेवून पाहायचं असेल तर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या संकेतस्थळावरचा राखीव साठ्याचा मासिक तक्ता उघडा. पैसे लागत नाहीत. अमळनेरला माझा स्पर्धा परीक्षांचा वर्ग आहे. पारोळा, चोपडा, शिरपूरकडची मुलं येतात, आणि चलनसाठा मी याच तक्त्यावरून शिकवते. सगळ्या देशांना एकच साचा असल्यामुळे रोखे, ठेवी, सोनं भारताच्या तक्त्यात जिथे, तिथेच जपानच्या.

मे 2024 चा जपान घ्या. येन सावरायला त्यांच्या अर्थखात्याने एप्रिलअखेर ते मेअखेर डॉलर विकून सुमारे 9.79 लाख कोटी येन विकत घेतले. तक्त्यात रोखे 978 अब्ज डॉलरवरून 928 वर आलेले दिसतात, ठेवी मात्र जवळजवळ तेवढ्याच. "मॅडम, मंग पैसा कथा गयात?" (मग पैसा गेला कुठे?) असं एका मुलाने विचारलं, तेव्हा उत्तर त्या दोन ओळींतच होतं: ठेवींना हात न लावता रोखे विकले. वर्गात इतकं लख्ख उदाहरण दुसरं मिळत नाही.

बरेच जण यासाठी अमेरिकी अर्थखात्याचा, अमेरिकी सरकारी रोखे कोणत्या देशाकडे किती हे सांगणारा तक्ता वापरतात. तो चांगला आहे, पण कामच वेगळं. त्यात जपानच्या नावावर 1,100 अब्जांहून जास्त रोखे दिसतात, म्हणजे सरकारी साठ्यातल्या सगळ्या रोख्यांपेक्षाही जास्त, कारण तिथल्या विमा कंपन्या आणि बँकाही त्यात मोजल्या जातात. शिवाय नोंद रोखे ज्या देशात सांभाळायला ठेवलेत त्याच्या नावावर पडते, म्हणून बेल्जियमसारखा छोटा देश मोठा दिसतो.

नाणेनिधीच्या तक्त्याचा खरा जीव दुसऱ्या भागात, म्हणजे आधीच ठरलेल्या देण्यांच्या भागात आहे, आणि तोच कुणी वाचत नाही. 1997 मध्ये थायलंडकडे साठा दिसत होता, पण 23 अब्जांच्या आसपास डॉलर फॉरवर्ड करारांत (पुढच्या तारखेला ठरल्या भावाने डॉलर देण्याच्या करारांत) आधीच देऊन ठेवलेले होते. ते बाहेर आलं तेव्हा तिथलं चलन बाट कोसळलं होतं. 1999 मध्ये हा साचा ठरला तो अशी देणी उघड व्हावीत म्हणून. आपल्या रिझर्व्ह बँकेची फॉरवर्डमधली डॉलरची निव्वळ देणी फेब्रुवारी 2025 मध्ये 88 अब्जांपुढे होती. पहिल्या भागातल्या रोख्यांवरच थांबणाऱ्याला ती दिसणारच नाहीत. भारत-जपान तुलना करताना मी हा भाग मुलांकडून आधी वाचून घेते.

तक्रारीही आहेत. आकडे दशलक्षांत, त्यामुळे कोटींत विचार करणारी आपली मुलं शून्यांत अडकतात. दहा दशलक्ष म्हणजे एक कोटी, हे फळ्यावर कायम लिहिलेलं ठेवावं लागतं. मोबाइलवर तक्ता आडवा पळतो, छापूनच घ्या. रोखे कोणत्या देशाचे, हे त्या ओळीत नसतं, ही मला सगळ्यात मोठी उणीव वाटते.

भारतापुरतं बघायचं असेल तर रिझर्व्ह बँकेचा सहामाही अहवाल जोडीला ठेवा. सप्टेंबर 2024 अखेर 617 अब्जांच्या परकीय चलन मालमत्तेतले 515 अब्ज रोख्यांत होते. सोनं 854.73 टन, त्यातलं 510.46 टन देशातच. जळगावच्या सराफ बाजारात वाढलेली मुलं सोन्याची ओळ आधी शोधतात. शोधू द्या, रोख्यांची ओळ त्याच अहवालात आहे.