मीटर म्हणतो ३१ हजार किलोमीटर, इंजिन म्हणतं २,६१० तास

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका गृहस्थांनी नवी मुंबईतल्या जुन्या आलिशान गाड्यांच्या एका विक्रेत्याकडून पोर्शे केमन एस घेतली. २००७ ची बनावट, ३.४ लिटरचं इंजिन, टिपट्रॉनिक (म्हणजे ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स, मीटरवर ३१,४०० किलोमीटर, किंमत साडेतेवीस लाख. दोन महिने व्हायच्या आत इंजिन उघडून बांधायचं एस्टिमेट हातात पडलं: १३ लाख ८० हजार. त्यात टायर आणि एसीचं काम धरलेलं नाही.

याला नशीब म्हणता येणार नाही. जे निघालं, ते टोकन देण्याआधी अर्ध्या दिवसाच्या तपासणीत दिसलं असतं. ते दिसू नये याची तजवीज पायरीपायरीनं केलेली होती, आणि त्याच पायऱ्या ठाणे, वाशी, तुर्भे, कुठेही पुन्हा वापरल्या जातील. म्हणून हे तपशिलात.

सुरुवात गरम इंजिनापासून. गिऱ्हाईक रविवारी सकाळी पोहोचलं तेव्हा गाडी बाहेर काढून चालू ठेवलेली होती. "आत्ताच एक पार्टी चक्कर मारून गेली" असं सांगण्यात आलं. रात्रभर उभ्या गाडीचा पहिला स्टार्ट हा या इंजिनाचा सगळ्यात बोलका क्षण असतो. ऑईल सेपरेटर (वाफेतलं ऑईल वेगळं करणारा भाग) गेला असेल तर स्टार्टला पांढऱ्या धुराचा लोट निघतो, चेन टेन्शनर (आतल्या साखळ्या ताणून धरणारे भाग) ढिले असतील तर खडखड होते, सिलिंडरमध्ये ऑईल उतरत असेल तर निळसर धूर दिसतो. इंजिन गरम असलं की यातलं बरंचसं लपतं. गाडी बघायला जाल तेव्हा आधी हात लावायचा तो सायलेन्सरच्या टोकाला आणि मागच्या डिकीच्या तळाला. कोमट लागलं तर त्या दिवशी परत या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, न सांगता जा.

दुसरी पायरी ऑईलची. या इंजिनात साधारण आठ लिटर ऑईल लागतं, आणि ते पोर्शेच्या ए४० मानकाचं, उदाहरणार्थ ०डब्ल्यू-४०, असावं लागतं. विक्रेत्यानं जाड ग्रेडचं भरलं होतं. जाड ऑईल पिस्टन आणि सिलिंडरमधली वाढलेली फट भरून काढतं, आवाज दबतो, महिनाभर गाडी मऊ चालते. नव्या मालकांनी घरी आल्यावर शहाण्यासारखं ऑईल बदलायला दिलं. इंजिन गरम असूनही जुनं ऑईल काकवीसारखं उतरलं. योग्य ऑईल भरलं आणि त्याच संध्याकाळी माजिवड्याच्या सिग्नलला सीटच्या मागून टक्-टक् ऐकू यायला लागली. केमनचं इंजिन सीटच्या पाठीमागेच असतं, त्यामुळे हा आवाज चुकत नाही.

हा आवाज कशाचा, ते नीट समजून घ्या. २००९ पूर्वीच्या या पिढीच्या इंजिनांचे सिलिंडर वेगळ्या लोखंडी लायनरचे नसतात. अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्येच सिलिकॉन मिसळून घासणारा पृष्ठभाग तयार केलेला असतो. पिस्टनच्या अंगावरचा लेप निघाला, किंवा ऑईलचा थर तुटला, की पिस्टन त्या भिंतीवर उभे ओरखडे पाडतो. मग ऑईल जळायला लागतं, आवाज येतो, आणि ओरखडे पुढे वाढतच जातात. ३.४ लिटरच्या इंजिनात हा दोष विशेष आढळतो. पोर्शेच्याच ९११ मॉडेलमध्ये दोन बाजूंना दोन सायलेन्सरची टोकं असल्यामुळे एकाच टोकाला जास्त काजळी दिसली तर संशय घेता येतो. केमनमध्ये इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांचा धूर मधोमध एकत्र बाहेर पडतो, म्हणून ही खूण मिळत नाही. इथे बोअरस्कोपच लागतो. स्पार्क प्लग काढून कॅमेरा आत सोडायचा, पिस्टन पूर्ण खाली नेऊन भिंत बघायची. ओरखडे खालच्या भागात आधी उमटतात, म्हणून ऑईल पॅन उतरवून खालून बघितलं तर खात्री जास्त. सहाच्या सहा सिलिंडर बघा, "दोन बघितले, ठीक आहेत" यावर थांबू नका. या गाडीत चौथा आणि सहावा ओरखडलेला निघाला, पहिले तीन स्वच्छ होते.

ऑईल फिल्टर हाही एक साक्षीदार. जुना फिल्टर फेकायला देऊ नका. त्याचा कागद घडीघडीनं उलगडून पांढऱ्या कापडावर पसरा आणि उन्हात तिरका धरा. या गाडीच्या फिल्टरच्या घड्यांमध्ये राखाडी चकाकी बसलेली होती, बोटाला लागेल इतकी. चुंबक फिरवायचा: चिकटेल तो लोखंडी चुरा, म्हणजे बेअरिंग किंवा चेनकडची शंका. न चिकटता चमकत राहील तो अॅल्युमिनियम. इथे थोडंच चिकटलं, बाकीचं कापडावर तसंच चमकत राहिलं.

आता विक्रेत्याचं एक वाक्य, जे ऐकून खरेदीदार निर्धास्त झाले: "साहेब, आयएमएस बेअरिंग बदलून घेतलंय, ती काळजीच नको." आयएमएस म्हणजे इंजिनातला मधला शाफ्ट; आधीच्या पोर्शे इंजिनांत त्याचं बेअरिंग निकामी होण्यासाठी बदनाम आहे. इंटरनेटवर पोर्शेबद्दल थोडं वाचलेल्या माणसाला हेच नाव माहीत असतं, म्हणून तेच पुढे केलं गेलं. पण २००६ ते २००८ च्या या इंजिनांत मोठ्या आकाराचं बेअरिंग आहे. ते क्वचितच जातं, आणि इंजिनाचा ब्लॉक उघडून दोन भाग केल्याशिवाय बाहेरच येत नाही. ते खरंच बदललं असतं तर संपूर्ण इंजिन बांधल्याचं बिल असायला हवं होतं. तसं बिल नव्हतं. ज्या कामाची बढाई मारली जाते, त्याचं बिल मागा. त्यावर गाडीचा चेसिस नंबर, किलोमीटर आणि पार्ट नंबर असले पाहिजेत. नुसता शिक्का मारलेलं सर्व्हिस बुक पुरावा होत नाही. या बुकातले तीन वेगवेगळ्या वर्षांचे शिक्के एकाच शाईचे होते.

मीटरचं प्रकरण सगळ्यात वाईट. डॅशबोर्डवरचा आकडा मागे आणणं अवघड राहिलेलं नाही. पण इंजिनाच्या कंट्रोल युनिटमध्ये, ज्याला डीएमई म्हणतात, इंजिन एकूण किती तास चाललं याची वेगळी नोंद असते, आणि मीटर फिरवणारे तिकडे बहुधा बघत नाहीत. पोर्शेच्या पिविस टेस्टरवर किंवा तशा चांगल्या स्कॅनरवर ती वाचता येते. या गाडीची नोंद होती २,६१० तास. मीटरचे ३१,४०० किलोमीटर त्याला भागा: ताशी सरासरी १२ किलोमीटर. रोज मुलुंडच्या टोलनाक्यावर अडकणाऱ्या गाडीचीही सरासरी इतकी खाली जात नाही, आणि ही तर "फक्त रविवारी पाम बीच रोडला काढायचो" म्हणून विकलेली. ताशी ३० धरा, ७८ हजार किलोमीटर होतात. ब्रेक पेडलचं रबर कडेला गुळगुळीत झालेलं होतं आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची बाजू नव्यानं रंगवलेली होती. दोन्ही गोष्टी आकड्याशी जुळत नव्हत्या.

त्याच नोंदीत इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं तेही सहा टप्प्यांत दिसतं, आणि शेवटचं कधी, त्याचा तासही. मॅन्युअल गिअरबॉक्सची गाडी घेत असाल तर चौथ्या टप्प्यापासून पुढचे आकडे अलीकडच्या तासांत आहेत का, हे जरूर बघा. चुकीचा गिअर पडून इंजिन जबरदस्तीनं फिरल्याची ती खूण असते.

एवढा स्कॅनर मिळत नसेल तर हजार-दीड हजाराचा साधा ओबीडी स्कॅनरही (गाडीच्या सॉकेटला लावून दोषांचे कोड वाचणारा) एक गोष्ट सांगतो. फॉल्ट कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर वगैरेंच्या, "अपूर्ण" दाखवायला लागतात आणि गाडी बरीच फिरेपर्यंत तशाच राहतात. कोड एकही नाही पण तपासण्या अपूर्ण, याचा अर्थ कालपरवाच कोणीतरी कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलेली आहे.

कागदांकडे येऊ. ही गाडी "पार्क अँड सेल" पद्धतीची होती. विक्रेता सांगतो, गाडी आमची नाही, मालकाची आहे, आम्ही फक्त उभी केली. पैसे निम्मे एका खात्यात, निम्मे दुसऱ्या, आणि डिलिव्हरी नोटवर बारीक अक्षरात "आहे त्या स्थितीत, मीटरची जबाबदारी नाही". १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, आणि मालकानं गाडी विक्रेत्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये आरटीओला जावी लागते. अधिकारपत्र दाखवा म्हणा. दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर आरसी, हायपोथिकेशन (गाडीवरचा कर्जाचा बोजा), चलनं आणि नोंदणीची मुदत स्वतः बघा. २००८ ची नोंदणी २०२३ मध्ये संपलेली असते. वीस वर्षांपर्यंतच्या आयात गाडीच्या नूतनीकरणाची फी ४० हजार रुपये आहे, शिवाय फिटनेस आणि ग्रीन टॅक्स वेगळा. गाडी परराज्यातली असेल तर एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स किमतीत धरा. खाजगी आयात असेल तर कस्टमचं बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा कागद) बघितल्याशिवाय हात लावू नका.

विमा पॉलिसीच्या पहिल्या पानावरची नो क्लेम बोनसची ओळ वाचा. इथे शून्य टक्के होता, म्हणजे आधीच्या वर्षी क्लेम झालेला असण्याची शक्यता मोठी. नंतर रंगाची जाडी मोजणारा पेंट मीटर लावला तेव्हा उजव्या पुढच्या फेंडरवर ४०० मायक्रॉनच्या वर आकडा आला. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, त्याच्या थोडं वर गेलं की पुन्हा रंगवलंय आणि बरंच वर गेलं की खाली पुट्टी आहे असं समजा.

खर्चाचा अंदाज लोक कुठे चुकवतात? गाडी साडेतेवीस लाखांना मिळाली म्हणून तिचे पार्ट साडेतेवीस लाखांच्या गाडीचे होत नाहीत. पार्टची किंमत ती गाडी आज नवी घेतली तर ज्या वर्गात मोडेल, त्या वर्गाची असते. आमचा आग्रह असा, की खरेदीच्या रकमेच्या किमान एक पंचमांश पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा, आणि ते नसतील तर स्वस्तातली गाडी बघा. त्यात सहा प्लग आणि सहा कॉइल, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट, ब्रेक ऑईल (दर दोन वर्षांनी), टिपट्रॉनिकचं ऑईल, आणि सस्पेन्शनचे खालचे कंट्रोल आर्म येतात. आपल्या खड्ड्यांवर हे आर्म आणि स्ट्रटचे वरचे माउंट आधी खडखडतात. पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत रेडिएटर आणि त्यांच्यासमोर एसीचे कंडेन्सर असतात. तिथे पाला, माती साचते, पावसाळाभर ओली राहते आणि कंडेन्सर गंजून गॅस सुटतो. बंपर काढून साफ करायला अर्धा दिवस लागतो, न केल्यास दोन्ही कंडेन्सर बदलावे लागतात. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: ४११५ म्हणजे २०१५ सालचा ४१ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी असा टायर बदलायचाच असतो. या गाडीचे चारही तसेच होते.

फसगत झालीच तर इंजिन लगेच उघडू नका. आधी डीएमईची नोंद चेसिस नंबरसकट छापून घ्या, बोअरस्कोपचे फोटो काढा, विक्रेत्याची मूळ जाहिरात आणि व्हॉट्सअॅपवरचे संदेश जपून ठेवा. विक्रेता व्यावसायिक असेल तर मोबदला ५० लाखांपर्यंत असलेली तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करता येते. मीटर फिरवून विकणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांतही जाता येतं.

या प्रकरणात जुनं जाड ऑईल गॅरेजच्या पिंपात ओतलं गेलं होतं, त्याचा नमुना राहिला नाही. फिल्टर मात्र मेकॅनिकनं पिशवीत बांधून, वर तारीख आणि गाडीचा नंबर लिहून ठेवला होता. तक्रारीसोबत आता तोच जोडलेला आहे.